बचावाला मास्तर हवा

पहाटे 5.15

जानेवारीचा तिसरा आठवडा लागला की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या 32 संघांपैकी मोजकेच मैदानावर उरतात. बाकीचे माणसं शोधत असतात. आमचा संघ त्या बाकीच्यांतला. नियमित हंगामाचे 17 सामने झाले, आणि पुढच्याच सोमवारी आमच्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (रोजच्या बोलण्यात डीसी) निरोप दिला गेला. तेव्हापासून ही इमारत सूर्याच्या आधी जागी होते. मी इथं व्हिडिओ आणि विश्लेषण विभागात आहे. संघाचं, शहराचं, उमेदवारांचं नाव देत नाही. नोकरीच्या अटींत ते बसत नाही, शिवाय ज्याला ही जागा मिळणार नाही त्याच्यावर तो अन्याय होईल. मिडवेस्टमधलं थंड शहर, एवढं पुरे.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना 10 यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाउन म्हणतात. त्यांना अडवणारे अकरा जण संघातले वेगळे खेळाडू असतात, त्यांचे प्रशिक्षक वेगळे, बैठकीची खोली वेगळी. प्रत्येक डाउनला त्या अकरा जणांनी काय करायचं हे डीसी ठरवतो. एका सामन्यात असे साठ-पासष्ट निर्णय, आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ काही सेकंदांचा. दोन डाउनच्या मधलं घड्याळ 40 सेकंदांचं असतं. 2008पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवतात, त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. घड्याळात 15 सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद पडतो. त्यानंतर डीसी कितीही थोर असला तरी काठावर उभा राहून बघण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्या 15 सेकंदांत खेळाडू एकमेकांशी काय बोलतात ते त्याने आधी शिकवलेलं असावं लागतं.

पहाटे 5.40

दिवे दोनच ठिकाणी लागलेत, स्वयंपाकघरात आणि माझ्या खोलीत. आज तीन फोल्डर लागणार. पहिल्यात उमेदवाराच्या सध्याच्या संघाचे कटअप, म्हणजे एकाच तऱ्हेच्या प्रसंगांचे ओळीने लावलेले तुकडे: तिसऱ्या डाउनचे, गोलरेषेजवळच्या 20 यार्डांतले, शेवटच्या दोन मिनिटांतले. दुसऱ्यात तसेच आमचे. तिसरा फोल्डर छोटा आहे आणि तो उघडायला कुणालाच आवडत नाही. या हंगामात आम्ही खाल्लेले लांब पल्ल्याचे टचडाउन त्यात आहेत.

हे चित्रण ऑल-22 प्रकारचं. मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू चौकटीत मावतील इतक्या उंचीवरून घेतलेलं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. इथं माणसामाणसांतलं अंतर मोजता येतं.

आकड्यांची फाइलही तयार आहे, पण ती मी मुद्दाम शेवटी ठेवते. डीसीच्या नावावरचा आकडा त्याच्या एकट्याचा कधीच नसतो. पुढच्या फळीत एखादा भन्नाट पास रशर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर झेपावणारा, असला की मागचे सगळे हुशार दिसतात. स्वतःचं आक्रमण तीन डाउनमध्ये गारद होत राहिलं की चौथ्या सत्रात बचावाचे पाय उचलत नाहीत. आकडे खरे असतात, पण ते कुणाचे हे विचारावं लागतं.

सकाळी 7.00

मुख्य प्रशिक्षक आक्रमणाच्या बाजूचे. म्हणजे ज्याला निवडतील त्याच्या हातात ते अर्धा संघ देणार. खेळाडूंच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातली आहे, प्रशिक्षकांच्या पगाराला ती नाही. त्यामुळे उत्तम डीसी मिळणं हा त्या मर्यादेबाहेरचा फायदा आहे, आणि तरीसुद्धा ही निवड जुन्या ओळखीवर उरकून टाकण्याचा मोह फार मोठा असतो. एकत्र काम केलेल्या माणसाला फोन लावला की काम झालं.

रूनी नियम त्या मोहाला अडवतो. पिट्सबर्ग स्टीलर्सचे माजी मालक डॅन रूनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. 2003पासून मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्याक समाजातल्या उमेदवाराची मुलाखत घेणं बंधनकारक झालं, आणि 2020मध्ये कोऑर्डिनेटरच्या जागाही त्यात आल्या. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, त्याचा गवगवा कमी झाला पण परिणाम मोठा आहे: सहायक प्रशिक्षकाला दुसऱ्या संघात खऱ्याखुऱ्या कोऑर्डिनेटरच्या पदासाठी मुलाखतीला जायचं असेल, तर त्याचा संघ आता त्याला रोखू शकत नाही. आधी करार दाखवून सर्रास रोखायचे.

आज सकाळचा उमेदवार या दोन्ही वाटांनी आलेला आहे. कृष्णवर्णीय, चाळिशीचा, दुसऱ्या एका संघात सेकंडरीचा म्हणजे मागच्या फळीचा प्रशिक्षक. "नियमापुरतं बोलावलंय," असं बाहेर कुणीतरी म्हणणारच. मी त्याच्या मुलांचे कटअप हंगामभर पाहिलेत. मोशन झाली, म्हणजे डाव सुरू होण्याआधी आक्रमणातला एखादा बाजूला पळाला, जागा बदलल्या, तरी त्याचे चारही जण एकाच क्षणी सरकतात. कबड्डीत साखळी धरून उभा असलेला बचाव जसा चढाईवाल्याच्या एका पावलासरशी सगळा मिळून हलतो, तसे. मी बैठकीत हे बोलले, तुकडे लावून दाखवले. त्याचं नाव यादीत राहिलं ते त्या तुकड्यांमुळे.

सकाळी 8.40

तो आला. हातात बाइंडर नाही. मुलाखतीच्या खोलीत क्लिप मीच लावणार हे कळल्यावर त्याने मला एकच विचारलं, "तुमच्या सामन्यांच्या टीव्हीवरच्या प्रती आहेत का? ऑल-22 नको, टीव्हीवर दाखवलेल्या." आहेत, म्हटलं. "हाताशी ठेवा."

सकाळी 9.00 ते 12.20

खोलीत एक लांब टेबल, पांढरा फळा, दोन पडदे. मुख्य प्रशिक्षक, जनरल मॅनेजर, त्यांचे सहायक, मी.

सुरुवातीचे प्रश्न ठरलेले. पाया 4-3 की 3-4, म्हणजे पुढच्या फळीत चार आणि त्यामागे तीन लाइनबॅकर, की उलट? तो म्हणाला, "आज निम्म्याहून जास्त वेळ मैदानावर पाच डिफेन्सिव्ह बॅक असतात. तेव्हा निकेल हाच पाया. पुढचे कसे उभे राहतात ते त्यानंतर बघू." मुख्य प्रशिक्षकांनी मान डोलावली. हे उत्तर हल्ली सगळेच देतात.

मग तिसरा फोल्डर उघडला. तिसरा डाउन, सात यार्ड हवेत. समोरच्यांनी उजवीकडे तीन रिसीव्हर लावलेत. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, आधी त्यातला एक पळत डाव्या बाजूला गेला. चेंडू मागे आला, फेकला गेला, मैदानाचा मधला पट्टा सताड उघडा, आणि एक रिसीव्हर साठ यार्ड एकटा धावत गेला. आमचे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या सेफ्टीला झोडपलं होतं. मुख्य प्रशिक्षकांनी विचारलं, "कुणाचं चुकलं?"

"स्नॅपच्या आधीचे दहा सेकंद दाखवा, मग सांगतो."

आमच्या फिल्ममध्ये ते नसतात. प्रत्येक तुकडा स्नॅपच्या जेमतेम आधी सुरू होतो. मी टीव्हीची प्रत लावली. त्यात ते दिसलं: रिसीव्हर पळायला लागताच तो तरुण सेफ्टी दोनदा हेल्मेटवर थाप मारतो, कव्हरेज बदललं अशी खूण करतो. दुसरा सेफ्टी, आमचा अनुभवी खेळाडू, त्या क्षणी पाठमोरा आहे. एका लाइनबॅकरला खांद्याला धरून जागेवर उभं करतोय. तो वळतो तोवर चेंडू सुटलेला. एकजण नव्या कव्हरेजमध्ये खेळला, दुसरा जुन्यात.

"मुलगा बरोबर होता," उमेदवार म्हणाला. "त्याने खूण केली. ती समोरच्याला पोचली याची खात्री करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि हा सामना तुमच्या घरचा आहे. तिसऱ्या डाउनला तुमचेच सत्तर हजार लोक ओरडतात, तेव्हा तुमच्याच बचावाला काही ऐकू येत नाही. जिथं आवाज चालत नाही तिथं खूण, आणि खुणेला उलट खूण आलीच पाहिजे."

मुख्य प्रशिक्षकांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग परत एकदा. हंगामभर आम्ही तो प्रसंग वरून पाहत होतो.

मग त्याने सगळ्यांना उठवलं. पाच खुर्च्या ओळीत लावल्या, ती समोरची ऑफेन्सिव्ह लाइन. जनरल मॅनेजर एक सेफ्टी, त्यांचे सहायक दुसरे, मी निकेल. "रिसीव्हर तुमच्या बाजूला पळत आला तर हात छातीवर आणि खाली या. लांब गेला तर हात वर आणि मधोमध मागे जा. समोरच्याने तीच खूण परत दिली नाही तर थांबू नका, ओरडा, पळत जा, त्याला हलवा." एवढंच. चार मिनिटं सराव, मग न सांगता त्याने स्वतः मोशन केली. दोन्ही सेफ्टी बरोबर सरकले. एक साठीचे, दुसऱ्यांच्या पायात ऑफिसचे बूट. त्याने तिथेच विचारलं, "तुम्ही खाली का आलात?" जनरल मॅनेजरना कारण सांगता येईना. "मग अजून शिकवून झालेलं नाही," तो म्हणाला आणि फळ्याकडे गेला. कारण समजावलं, पुन्हा करून घेतलं.

मला तो क्षण फार मोलाचा वाटला. हालचाल जमली एवढ्यावर बहुतेकजण थांबले असते.

शेवटी पद्धतीचा प्रश्न आला. तुझी पद्धत आमच्या खेळाडूंना झेपेल का? "तिथलं निम्मं मी इथं आणणारच नाही. ते ज्या कॉर्नरबॅकच्या जोरावर चालतं, तो तिथेच राहणार आहे." मग आमच्या प्रत्येक खेळाडूला काय जमतं आणि काय जमत नाही हे त्याने नावानिशी सांगितलं, कागद न बघता.

एक उणीव मोठी आहे आणि ती कुणी झाकली नाही. त्याने आजवर एकाही सामन्यात स्वतः डाव सांगितलेला नाही. रविवारी सत्तर हजारांच्या गर्दीत, 25 सेकंदांत, साठ वेळा निर्णय घेणं ही वेगळी विद्या आहे.

दुपारी 12.30

जेवणाच्या वाटेवर आमचे लाइनबॅकरचे प्रशिक्षक भेटले. त्यांचा करार संपत आलाय. नवा डीसी आला की तो आपली माणसं आणतो, ही या धंद्याची रीत. त्यांची मुलगी शाळेच्या अशा वर्षात आहे की या वेळी गाव बदललं तर तिचे सगळे बेत मोडतील. त्यांनी मला मुलाखतीबद्दल काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. सूप गरम होतं, त्याबद्दल बोललो.

अशी सहा-सात कुटुंबं या एका निर्णयाला टांगलेली आहेत.

दुपारी 1.45

दुसरी मुलाखत व्हिडिओ कॉलवर. साठी पार केलेले, पूर्वी डीसी आणि मुख्य प्रशिक्षक राहिलेले. त्यांचं ज्ञान अफाट आहे. समोरच्या क्वार्टरबॅकने मान कुठे वळवली यावरून तो पुढे काय करणार ते सांगतात, आणि बहुतेक वेळा तसंच घडतं.

वय हा आक्षेप मला मान्य नाही. 9 फेब्रुवारी 2025ला न्यू ऑर्लिन्समध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला 40-22 असं हरवलं, तेव्हा ईगल्सचे डीसी व्हिक फँजिओ 66 वर्षांचे होते. त्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांनी चीफ्सचे क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स यांच्यावर एकदाही ब्लिट्झ केला नाही. ठरलेल्या चौघांपलीकडे एकही जादा माणूस पाठवला नाही, आणि तरी माहोम्स सहा वेळा सॅक झाले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले गेले. मागे सात जण ठेवून संयमाने खेळणं ही फँजिओंनी आयुष्यभर घोटलेली गोष्ट. पुढचे चौघे तेवढ्या ताकदीचे होते म्हणून ती साधली, हेही तितकंच खरं.

आमच्या ज्येष्ठ उमेदवारांना तोच प्रसंग दाखवला. त्यांचं उत्तर तत्काळ आलं: अशा वेळी माझ्या पद्धतीत सेफ्टीला निर्णय घ्यावाच लागत नाही, तो आधीच ठरलेला असतो. उत्तर चूक नव्हतं. पण आमच्या मुलाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. माझी पद्धत खेळाडूंच्या अंगी मुरायला दोन वर्षं लागतात, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सहायक मात्र सगळे माझेच, ही अट.

दुपारी 4.00

फोन. उमेदवारांच्या वरिष्ठांचं मत काय असतं ते बहुधा आधीच माहीत असतं. विचारायचं ते त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांना, आणि त्यातही ज्यांना त्यांनी बाकावर बसवलं त्यांना.

याचं या खेळातलं सर्वांत सुंदर उदाहरण शिकागोचं. 1981च्या हंगामाअखेर बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक जाणार हे उघड होतं. तेव्हा ॲलन पेज (पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले ते) आणि गॅरी फेन्सिक यांनी पुढाकार घेतला, आणि बचावाच्या खेळाडूंनी वृद्ध मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहिलं: आमच्या बडी रायनना आणि बचावाच्या प्रशिक्षकांना काढू नका. हॅलसनी ते ऐकलं. डीसी रायन आधी पक्के झाले, मुख्य प्रशिक्षक माइक डिटका नंतर आले. जानेवारी 1986मध्ये त्या बचावाने सुपर बोल 46-10 असा जिंकला, आणि खेळाडूंनी डिटकांबरोबर रायननाही खांद्यावर घेतलं. रायन स्वभावाने गोड नव्हते. पण शिकणाऱ्यांना आपला शिक्षक कळतो.

आज लावलेल्या फोनांपैकी एक सकाळच्या उमेदवाराने संघाबाहेर घालवलेल्या कॉर्नरबॅकला होता. तो म्हणाला, "मला का काढलं हे सांगणारा तो एकटा होता. आणि काय सुधारायचं ते सांगणाराही."

संध्याकाळी 5.30

चर्चा. ज्येष्ठांच्या बाजूने मुद्दा असा की पुढच्या हंगामात आम्हाला जिंकायचंय, कुणाला डाव सांगायला शिकवत बसायला वेळ नाही. मुद्दा वजनदार आहे.

मी शॉन देसाई यांचं उदाहरण मांडलं. भारतीय कुटुंबातले, अमेरिकेत वाढलेले, टेम्पल विद्यापीठातून शिक्षणक्षेत्रात डॉक्टरेट केलेले देसाई 2021मध्ये बेअर्सचे डीसी झाले. या लीगमध्ये कोऑर्डिनेटर झालेले ते पहिले भारतीय वंशाचे प्रशिक्षक. 2023मध्ये ते ईगल्सकडे होते. डिसेंबरात संघ 10 विजय, 3 पराभव अशा स्थितीत असताना डाव सांगण्याचं काम त्यांच्याकडून काढून मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे दिलं गेलं. पुढचा सामना सिॲटलमध्ये गेला, हंगाम 11-6वर संपला, आणि प्लेऑफमध्ये टॅम्पा बेने 32-9 असा निकाल लावला. महिनोन्महिने एकाच्या खुणा शिकलेल्या अकरा जणांनी डिसेंबरात दुसऱ्याच्या कशा उचलाव्यात? पुढच्या वर्षी त्याच संघाने फँजिओंना जानेवारीत आणलं, पूर्ण उन्हाळा दिला, आणि अजिंक्यपद मिळवलं. नवख्याला घ्या किंवा मुरलेल्याला घ्या, पण घेतलं की मध्येच हात काढू नका, हे मी स्पष्ट सांगितलं. मुख्य प्रशिक्षकांनी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी 7.20

कोल्हापुरात सकाळचे सात वाजायला आलेत. आईचा फोन.

"जेवलीस काय?"

"अजून नाही. मीटिंग चाललीय."

"मग ठरला काय तुमचा मास्तर?"

डीसी म्हणजे काय हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून ती मास्तरच म्हणते. मागून बाबांचा आवाज, "बचाव सांभाळणारा नीट बघून घ्या म्हणावं." शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉलचे सामने बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हा खेळ त्यांना अजून कळत नाही, पण गोल खाल्ल्यावर कुणाकडे बघायचं हे पक्कं कळतं.

रात्री 8.45

ठरलं. सकाळचा उमेदवार. करार तीन वर्षांचा. ज्येष्ठांना मुख्य प्रशिक्षकांनी स्वतः फोन केला. ते सौजन्याने बोलले. पहिल्या हंगामात सामन्याच्या दिवशी नव्या डीसीच्या कानाशी डाव सांगण्याचा अनुभव असलेला एखादा ज्येष्ठ सहायक असावा, अशी अट घातली गेली आणि त्याने ती लगेच मान्य केली. लाइनबॅकरच्या प्रशिक्षकांना तो सोमवारी आधी भेटणार आहे, निर्णय त्यानंतर. त्यांचं काय होईल ते आज माहीत नाही.

माझ्या मते निवड योग्य झाली. डावपेचांची पुस्तकं सगळ्यांकडे जवळपास सारखीच असतात. खेळाडूला कारण कळलं की नाही हे थांबून विचारणारा माणूस क्वचित मिळतो.

रात्री 9.30

उद्या पहाटे त्याच्यासाठी आमच्या सगळ्या 17 सामन्यांच्या टीव्हीच्या प्रती तयार ठेवायच्या आहेत, प्रत्येक तिसऱ्या डाउनच्या आधीच्या दहा सेकंदांसकट. मग कॉलेजमधले खेळाडू पारखणं आणि निवडणं: पुढच्या आठवड्यात अलाबामातल्या मोबीलला सीनियर बोल, फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कम्बाइन, एप्रिलमध्ये ड्राफ्ट. त्याच्या हातात खेळाडू प्रत्यक्ष येतील ते वसंतात.

सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे 5 वाजता सुरू होतो. बघणार असाल तर एक करा. तिसऱ्या डाउनला चेंडू बाजूला ठेवा आणि स्नॅपच्या आधी मागच्या दोन सेफ्टींचे हात बघा. एकाने केलेली खूण दुसऱ्याने परत केली की नाही, तेवढं पाहा.